बाबांच्या कीर्तनांच्या फाइली लॉक झाल्यात, ४९० डॉलर मागतायत, भरावेत का?

बार्शीची_लेक

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं चालेनासं झालंय म्हणून इथं लिहितेय, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझे वडील कीर्तनकार होते. वारकरी कीर्तन. बार्शी, माढा, भूम, परांडा ह्या सगळ्या पट्ट्यात चाळीस वर्षं सप्त्यांना उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात गेले. त्यांची बरीच कीर्तनं लोकांनी टेपवर घेतलेली, त्या कॅसेट गोळा करून दादाने २०११ ला सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, आणि कॅसेटना बुरशी धरली होती म्हणून नंतर घर बांधताना टाकून दिल्या. त्यानंतरची थोडी छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर आहेत आणि शेवटची सहा मोबाइलवर व्हिडिओ. एकूण २१४ फाइली. शिवाय बाबांची टिपणं मी बसून टाइप केलेली, त्या ३१ वर्ड फाइली.

पुण्यतिथीला एक जुनं कीर्तन लावायचं होतं आणि त्यात मागे खूप खरखर आहे, ती काढायला दादाने एक सॉफ्टवेअर शोधलं, विकतचं महाग म्हणून क्रॅक, म्हणजे चोरीची फुकट प्रत, उतरवलं. अँटिव्हायरस बंद करा असं त्यात लिहिलेलं, त्याने केला. मग विंडोज अपडेट चाललंय अशी खिडकी आली, ते बराच वेळ चाललं, तो झोपायला गेला. सकाळी प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं लागलेली आणि एकही उघडेना. बॅकअपची हार्ड डिस्क पण तेव्हा लावलेलीच होती त्यामुळे तीही गेली.

प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी आहे. ९८० डॉलर, पण ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. एक फाइल पाठवा, फुकट उघडून दाखवतो, पण तिच्यात महत्त्वाचं काही नको असंही लिहिलंय.

घरात तीन मतं झालीत. दादा म्हणतो भरून टाकू, ४० हजार म्हणजे काय मोठं, मी कुठूनही आणतो. आई म्हणते ज्यांनी हे केलं त्यांच्या हातात तुमच्या बापाच्या आवाजाचे पैसे मी देऊ देणार नाही. वहिनी गप्प आहे पण तिला पोरीची फी दिसतेय आणि तिचं चूक नाही. मला दोन्ही पटतं. दादा दोन दिवस जेवला नाहीये. मला वाटतं त्याला फाइलींपेक्षा स्वतःची चूक भरून काढायचीय, आणि ४० हजार गेले तर त्याला बरं वाटेल असं काहीतरी त्याच्या डोक्यात आहे.

आता ४६ तास उरलेत. तुमच्यापैकी कुणी भरलेत का? मिळालं का परत? नाही भरले तर का नाही भरले? खरं सांगा.

निपाणीकर

ताई, आधी ते ४६ तास डोक्यातून काढा. ती मुदत तुम्हाला विचार करू न देण्यासाठी आहे. ७२ तासांनी फाइली उघडायची चावी नष्ट होत नाही, फक्त भाव दुप्पट सांगतात.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे खंडणी मागणाऱ्या व्हायरसांच्या स्टॉप उर्फ डेजाव्हू घराण्यातलं दिसतंय. ९८० आणि ४९० हे आकडे, चार अक्षरांचं शेपूट, खोटं विंडोज अपडेट, क्रॅकमधून येणं, सगळं जुळतं. हे मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही, घरच्या कॉम्प्युटरवालेच ह्याचं गिऱ्हाईक.

आत्ता काय करायचं ते सांगतो. नेट काढा. दुसरी कुठलीही डिस्क किंवा पेनड्राइव्ह त्या मशीनला लावू नका, व्हायरस अजून जिवंत असेल तर तिच्यावरच्या फाइलीही लॉक करील. फॉरमॅट करू नका. चिठ्ठी पुसू नका. बँक, मेल, सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, कारण ह्याच्यासोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो.

मग मला दोन गोष्टी सांगा. चिठ्ठीच्या शेवटी पर्सनल आयडी आहे, त्याची शेवटची दोन अक्षरं टी१ आहेत का? आणि कॅसेटवरून घेतलेल्या फाइली कुठल्या प्रकारच्या आहेत, वेव्ह की एमपी३? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

माती_आणि_मी

मी भरलेत. २०२१ ला. ४९०च.

कृषी विद्यापीठात पीएचडी करत होतो, तीन हंगामांचा मातीचा डेटा, शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन घेतलेले नमुने, सगळं एका लॅपटॉपवर. आणि क्रॅकच घेतलेलं, स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर. सबमिशनला पाच आठवडे होते. लोक सांगत होते भरू नकोस, गुन्हेगारांना पोसू नकोस, मला ते सगळं मान्य होतं आणि तरी भरले, कारण पाऊस परत मागं जाऊन पडत नाही. तो हंगाम परत कुठून आणू?

पण भरायचं ठरवलं ते नेमकं कशानं सांगतो, ह्याचा मी नंतर फार विचार केला. मी त्यांना एक फाइल पाठवली आणि दोन तासांत ती उघडून आली. एक साधी शीट, काही नव्हतं तिच्यात. पण ती उघडल्यावर माझ्या डोक्यात बाकीच्या फाइली परत माझ्या झाल्या. तोवर त्या गेलेल्या होत्या, मी रडून मोकळा झालो होतो, आता त्या एका भिंतीपलीकडे होत्या आणि भिंतीला दार होतं. तिथून पुढं ४० हजार की ४५ हजार हा प्रश्नच राहिला नाही. आणि ९८० च्या शेजारी ४९० लिहिलेलं असतं ना, त्यामुळे आपण निम्मे वाचवतोय असंच वाटत राहतं.

बिटकॉइन कसं घ्यायचं माहीत नव्हतं, मित्राच्या मित्राने घेऊन दिलं, त्याने वर २ हजार घेतले. चावी दोन दिवसांनी आली. त्या दोन दिवसांत मी काय होतो ते लिहीत नाही. बहुतेक सगळं उघडलं, काही मोठ्या फाइली अर्धवट राहिल्या. थिसिस वेळेवर दिला. महिनाभराने माझा मेल आणि इन्स्टा दोन्ही गेले, निपाणीकर म्हणतायत तो पासवर्डवाला प्रकार. मी पासवर्ड बदललेच नव्हते, मला वाटलं पैसे दिले म्हणजे विषय संपला.

पस्तावलो नाही. पण तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही, माझ्या डेटाला तारीख होती, बाबांच्या आवाजाला तशी तारीख नाहीये. एवढा फरक मला दिसतो.

बार्शीची_लेक

निपाणीकर दादा, आयडीच्या शेवटी टी१ नाहीये, दुसरीच अक्षरं आहेत. कॅसेटच्या फाइली वेव्ह आहेत, खूप मोठ्या, एकेक ३०० एमबीच्या आसपास. रेकॉर्डरवरच्या एमपी३. पासवर्ड काल रात्रीच बदलले सगळ्यांचे.

माती_आणि_मी, तुमचं वाचून दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला बघ मिळालं ना त्याला. मी म्हटलं पुढचं पण ऐक.

चिपळूणचा_फोटोवाला

मी नाही भरले. पण त्यात माझं काही मोठेपण नाही हे आधी सांगतो, माझ्याकडे नव्हतेच.

२२ जुलै २०२१ चा पूर आठवतोय सगळ्यांना. स्टुडिओ पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात, कॅमेरे, प्रिंटर, लाइट, सगळं. एक हार्ड डिस्क वाचली कारण ती घरी वर होती. त्याच वर्षी दिवाळीनंतर जुना कॉम्प्युटर जोडून काम सुरू केलं आणि हे झालं, त्या वाचलेल्या डिस्कवरच. चार लग्नं होती तिच्यावर आणि माझ्या आजीचे शेवटचे फोटो.

तेव्हा मला कुणी ४९० रुपये मागितले असते तरी विचार करावा लागला असता. चारही घरी जाऊन सांगितलं. दोघांनी समजून घेतलं, एकांनी अॅडव्हान्स परत मागितला तो हप्त्याने दिला, आणि एका नवरीच्या आईने असं काही सुनावलं की ते अजून कानात आहे, तिचं बरोबर होतं.

ती डिस्क मात्र मी फेकली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवली, त्यावर तारीख लिहिली. माझा आयडी टी१ वाला होता. आठ-नऊ महिन्यांनी पुतण्याने एम्सीसॉफ्ट ह्या सिक्युरिटी कंपनीचं मोफत डिक्रिप्टर, म्हणजे लॉक उघडणारा प्रोग्राम, परत चालवून बघितलं आणि फाइली उघडायला लागल्या. आजी आली. चारही लग्नं आली. एका जोडप्याला तेव्हा मुलगी झाली होती, तिच्या बारशाला अल्बम नेऊन दिला.

ताई तुमचा टी१ नाही म्हणजे माझ्यासारखं होईल असं मी म्हणत नाही. पण डिस्क टाकू नका. भरा नाहीतर भरू नका, डिस्क टाकू नका.

निपाणीकर

चिपळूणच्या दादांचं का उघडलं ते सांगतो कारण त्यात एक गोष्ट आहे जी लोकांना माहीत नसते.

हा व्हायरस लॉक करताना आपल्या सर्व्हरकडून चावी मागतो. नेट मिळालं तर प्रत्येक मशीनला वेगळी चावी, तिला ऑनलाइन चावी म्हणतात. सर्व्हर लागला नाही तर पोटातली तयार चावी वापरतो, ती त्या व्हेरिएंटच्या, म्हणजे व्हायरसच्या त्या उपप्रकाराच्या, सगळ्यांना एकच असते, त्याचा आयडी टी१ वर संपतो. आता ही दुसरी चावी बाहेर येते कशी? कुणीतरी पैसे भरतो, त्याला ती मिळते, आणि तो ती एम्सीसॉफ्टवाल्यांना देऊन टाकतो. मग त्या व्हेरिएंटच्या जगभरच्या लोकांचं फुकट उघडतं. म्हणजे चिपळूणच्या आजीचे फोटो कुणातरी अनोळखी माणसाच्या ४९० डॉलरने सुटलेत. म्हणून भरणाऱ्याला शिव्या देणं मला जमत नाही, तसंच भरा असं सांगणंही जमत नाही.

आता ताई तुमचं. तुमची चावी ऑनलाइन आहे, म्हणजे डिक्रिप्टरने आज काही होणार नाही. पण हा व्हायरस घाईत असतो, तो फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग लॉक करतो, १,५३,६०० बाइट, म्हणजे १५० केबी. पुढचं सगळं जसंच्या तसं असतं. तुमची फाइल ३०० एमबीची आहे. हिशोब करा.

कॅसेट मोनोमध्ये घेतल्या असतील तर वेव्हचे सेकंदाला साधारण ८८ केबी होतात. म्हणजे गेलं काय, तर पावणेदोन सेकंद. एमपी३ जर १२८ केबीपीएसच्या असतील तर साधारण साडेनऊ-दहा सेकंद.

हे वाचून दादांना जेवायला बसवा. मग पुढचं सांगतो.

बार्शीची_लेक

मी हे तीनदा वाचलं. खरंच का? मग चिठ्ठीत लिहिलंय की आमच्याशिवाय कुणीच काही परत आणू शकत नाही ते?

ॲमस्टरडॅमकर_आजरेकर

ताई, ती चिठ्ठी विक्रीचं पत्रक आहे, तिच्यात दुसरं काय लिहिणार.

मी इकडे नेदरलँड्समध्ये आयटी सिक्युरिटीत आहे, मूळचा आजऱ्याचा. मुदतीबद्दल निपाणीकर बरोबर बोलले, त्याला इतिहास पण आहे. २०१३ ला क्रिप्टोलॉकर नावाचा असाच व्हायरस आला, तोही ७२ तास द्यायचा आणि नंतर चावी कायमची नष्ट म्हणायचा. दोन महिन्यांत त्याच लोकांनी उशिरा येणाऱ्यांसाठी वेगळी साइट काढली, १० बिटकॉइन द्या, चावी आहे. म्हणजे नष्ट वगैरे काही नव्हतंच. आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी ते जाळं मोडल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये सगळ्यांसाठी मोफत चाव्यांची साइट निघाली. टेस्लाक्रिप्ट ह्या दुसऱ्या व्हायरसवाल्यांनी मे २०१६ मध्ये स्वतःच मास्टर चावी देऊन टाकली. शेड नावाच्या तिसऱ्या व्हायरसवाल्यांनी एप्रिल २०२० ला साडेसात लाख चाव्या टाकल्या. ह्या सगळ्यात फायदा कुणाला झाला, ज्यांनी लॉक झालेल्या फाइली जपून ठेवल्या त्यांनाच.

लोक का भरतात ह्यावर माझं मत असं की माणूस चोराची पत बघतो. ऐकायला वाईट वाटतं पण तसंच आहे. मे २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसमध्ये दोन लाखांवर मशीन लागली, ३०० डॉलर मागत होते, तरी ऑगस्टपर्यंत पैसे आले ते साडेतीनशेच्या आसपास लोकांचे. कारण पहिल्या दोन-तीन दिवसांतच बातमी पसरली की भरून फाइल मिळत नाही, कुणी भरले हे त्यांना कळायची सोयच नीट नव्हती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, आपल्या न्हावाशेवा बंदरात मर्स्क ह्या जहाजवाल्यांच्या कंपनीचं टर्मिनल त्यात बंद पडलं होतं, तिथं तर पैसे भरल्यावर ज्या मेलवर कळवायचं तो मेलच मेल पुरवणाऱ्या कंपनीने पहिल्याच दिवशी बंद केला. आणि डेजाव्हूवाले उलटे, ते चावी देतात अशी त्यांची ख्याती आहे, म्हणून लोक भरतात, म्हणून ते वर्षानुवर्षं चालू आहेत. माती_आणि_मी यांना चावी मिळाली, त्यांनी ती गोष्ट सांगितली, दादांनी म्हटलं बघ मिळालं ना त्याला. हे असं चालतं. त्यांची चूक नाही, त्यांनी खरं तेच सांगितलं.

माती_आणि_मी

हे मी कधी असं बघितलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. तरी मी खोटं सांगणार नाही की मिळाली नाही.

ॲमस्टरडॅमकर_आजरेकर

नाही नाही, सांगूच नका. तुमच्यामुळेच तर पासवर्डचं कळलं लोकांना.

पोलिसांना सुद्धा हे जड गेलंय. २०१५ मध्ये एफबीआयच्या बॉस्टन ऑफिसचा अधिकारी एका परिषदेत उघड बोलून गेला की आम्ही बऱ्याचदा लोकांना सांगतो भरून टाका. पुढच्याच वर्षी एफबीआयने स्पष्ट केलं की भरणं आम्हाला मान्य नाही. इकडे डच पोलीस, युरोपोल आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून जुलै २०१६ ला नो मोअर रॅन्सम नावाची साइट सुरू केली, तिथं लॉक झालेली फाइल आणि चिठ्ठी टाकली की कुठला व्हायरस आणि त्यावर मोफत इलाज आहे का ते सांगतात. ताईंसारख्या प्रत्येकाने भरायच्या आधी तिथं एकदा जावंच.

आणि एक सांगावंसं वाटतं. ऑक्टोबर २०१८ ला सीरियातल्या एका बापाने ट्विटरवर लिहिलं होतं की युद्धात गेलेल्या माझ्या मुलांचे फोटो एवढेच माझ्याकडे होते, गँडक्रॅब ह्या टोळीच्या व्हायरसने ते लॉक केलेत, ६०० डॉलर मागतात, माझ्याकडे नाहीत. ते वाचून त्या टोळीने सीरियातल्या सगळ्यांच्या चाव्या जाहीर केल्या. लोकांनी तेव्हा त्यांचं कौतुक केलं, मला ते आजही सहन होत नाही. त्या माणसाला आपलं दुःख जगासमोर मांडून दाखवावं लागलं तेव्हा त्याची वस्तू त्याला मिळाली. बाकीच्या देशांतल्या बापांचं काय?

निवृत्त_बँकवाली

बाळा, मी बँकेत सदतीस वर्षं काढलीत, फसवणुकीचे शेकडो अर्ज हाताखालून गेलेत. तुझ्या दादाबद्दल लिहिते.

ज्याच्या हातून चूक झालीय असं वाटतं तो माणूस सगळ्यात लवकर पैसे देतो. दंड भरल्यासारखं वाटतं त्याला. आणि तोच माणूस तक्रार करत नाही, कारण क्रॅक टाकलं हे सांगायची लाज वाटते. फसवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. तुम्ही सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, चिठ्ठीचा फोटो लावा, पैसे गेले असते तर १९३० ला लगेच फोन करायचा असतो तेही लक्षात असू द्या. कुणी विचारलं तर खरं सांगा की नेटवरून सॉफ्टवेअर घेतलं त्यात आलं. आवाज परत मिळवून देणं पोलिसांच्या हातात नसेल, पण दादाने चार माणसांसमोर हे बोलून टाकलं की त्याच्या छातीवरचा दगड हलेल, आणि दगड हलला की मग पैशाचं ठरवा. आत्ता नको.

अजून एक. आता तुला इन्स्टावर, यूट्यूबच्या कमेंटमध्ये लोक भेटतील, आम्ही १० हजारात उघडून देतो, अमुक तमुक सरांनी माझं काम केलं. त्यांच्याकडे चावी नसते. माझ्या भाच्याने तसे ६ हजार घालवले.

ॲमस्टरडॅमकर_आजरेकर

काकूंचं शंभर टक्के. अमेरिकेत तर २०१९ ला प्रोपब्लिका ह्या शोधपत्रकारितेच्या संस्थेने उघडकीला आणलं की काही डेटा रिकव्हरीवाले आमचं खास तंत्रज्ञान आहे असं सांगून मागच्या दाराने त्याच टोळीला खंडणी भरत होते आणि वर आपली फी लावत होते. म्हणजे आपण तत्त्वासाठी भरायचं नाही म्हणून दुसऱ्याकडे जायचं आणि त्याने आपल्याच पैशातून भरायचे.

निपाणीकर

ताई, आता कामाचं. दुसरं स्वच्छ मशीन घ्या, भावकीत कुणाचा लॅपटॉप असेल तर. मूळ डिस्कवरचा व्हायरस जाणकार कुणाकडून काढून घ्या, फाइली न पुसता, आणि लॉक फाइलींची आधी एक प्रत काढा, सगळं काम प्रतीवर.

वेव्हसाठी ऑडॅसिटी उतरवा, फुकट आहे, क्रॅकची गरज नाही. फाइल सरळ उघडू नका. इंपोर्टमध्ये रॉ डेटा असा पर्याय आहे तो घ्या. १६ बिट, ४४१०० आणि सुरुवातीचा ऑफसेट १५३६०० लिहा, म्हणजे तो लॉक झालेला तुकडा सोडून पुढून वाचेल. मग नवीन वेव्ह म्हणून सेव्ह करा. एक आधी करून बघा आणि मला सांगा.

एमपी३ ला तेवढाच पुढचा तुकडा कापायचा. मोबाइलच्या व्हिडिओंना जरा खटपट आहे, डिस्कट्युनावाल्यांचं मीडिया रिपेअर नावाचं मोफत टूल आहे, त्याला त्याच फोनवर त्याच सेटिंगने काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. तो फोन आहे का अजून?

वर्ड फाइली मात्र १५० केबीपेक्षा लहान असतील तर त्या पूर्ण लॉक आहेत. तिथं माझ्याकडे उत्तर नाही. आता तुमचा प्रश्न २१४ फाइलींचा राहिला नाही, ३१ टिपणांना ४९० डॉलर द्यायचे का एवढा राहिलाय. तो घरात ठरवा.

बार्शीची_लेक

केलं. दादाने आणि मी मिळून मामेभावाच्या लॅपटॉपवर. ऑफसेट टाकला, प्ले केलं, आणि आवाज आला पण भलताच बारीक आणि भरभर, लहान मुलाने बोलल्यासारखा, दादाचा चेहराच पडला. मला तर कळेना बाबांचा आहे का नाही.

निपाणीकर

स्टिरिओवर ठेवलंय तुम्ही. चॅनेल १ करा, मोनो.

बार्शीची_लेक

मोनो केलं. बाबा आहेत.

२००३ चं भूमचं कीर्तन आहे. पहिले पावणेदोन सेकंद गेलेत पण त्यात तशीही कॅसेटची घरघरच असणार, मग टाळ, मग ते खाकरतात आणि जय जय रामकृष्ण हरी सुरू. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उभीच राहिली. पुढचं लिहिता येत नाही मला, उद्या लिहिते.

चिपळूणचा_फोटोवाला

माळ्यावरची पिशवी आठवली. जय हरी ताई.

बार्शीची_लेक

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

७२ तास कधी संपले कळलंही नाही. वेव्ह सगळ्या निघाल्या. एमपी३ मध्ये प्रत्येकाचे सुरुवातीचे दहा सेकंद नाहीत, म्हणजे काही ठिकाणी गजर नाही, एका ठिकाणी अभंगाचं पहिलं चरण नाही पण बाबा ते पुढं दहा वेळा म्हणतात त्यामुळे चालेल. बाबांचा फोन कपाटात होता, चार्ज केला, त्याच्यावर दादाच्या पोरीचा एक व्हिडिओ काढून तो नमुना म्हणून दिला, सहातले चार झाले, दोनांत चित्र मधेमधे हिरवं होतंय.

टिपणांचं सांगते. दादाने तक्रार नोंदवली, क्रॅकचं स्वतः लिहिलं त्यात. त्यानंतर त्याने स्वतःच विषय काढला की टिपणांसाठी भरायचे का. बराच वेळ बोललो. आई म्हणाली टिपणं तुम्ही वह्यांवरून उतरवलीत, आणि वह्या कुठायत ते कुणी मला विचारलंच नाही. अकरा वह्या तिने पेटीत ठेवल्या होत्या. मी समजत होते त्या कॅसेटबरोबर गेल्या. सगळ्या ३१ नाहीत, मी मोजलं, अठरा टिपणं वह्यांत आहेत, तेरा नाहीत कारण ती बाबांनी शेवटी शेवटी तोंडी सांगून माझ्याकडून टाइप करून घेतलेली.

तर ती तेरा गेलीत आत्तातरी. त्यांच्यासाठी ४९० काय, आता ९८० मागतील, आणि खरं सांगू का, मला मोह होतो. रात्री होतो. त्यातलं एक ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावरचं होतं आणि ते सांगताना ते मधेच थांबून रडले होते. दादा आता म्हणतो नको. मीच आहे आता ती, जी रोज चिठ्ठी उघडून बघते.

डिस्कची प्रत काढून पिशवीत घातलीय, तारीख लिहिलीय. निपाणीकर दादा, त्या दोन हिरव्या व्हिडिओंचं काही होईल का, आवाज नीट आहे, फक्त चित्र.

निपाणीकर

दोन्हींचं रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट बघून सांगा. पोरीचा व्हिडिओ वेगळ्या सेटिंगवर निघाला असेल. फोनमध्ये एचडी आणि फुल एचडी असे दोन पर्याय असतील तर दुसऱ्यावर अजून एक दोन मिनिटांचा काढून बघा.